आहारशास्त्राच्या वर्गात तराजू हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरात आहारशास्त्राच्या प्रवेशाची चौकशी सुरू होते. गारगोटी, गडहिंग्लजपासून मुले-मुली येतात आणि नोकरी कुठे लागेल, असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण तीन वर्षांत विद्यार्थ्याच्या हातात तराजू किती वेळा येणार, हे त्याआधी विचारायला हवे. जीवनसत्त्वांचे तक्ते पाठ करून पेपर सुटतो. समोर मधुमेहाचा रुग्ण बसला की ते पाठांतर पुरत नाही.

साधा भात घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते हा या अभ्यासाचा पाया. त्यांतले तांदळाचे आकडे कच्च्या तांदळाचे आहेत, १०० ग्रॅमला सुमारे ३५० किलोकॅलरी. विद्यार्थी १५० ग्रॅम भाताला हाच आकडा लावतो आणि ५२५ लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात तेवढ्या भातात ५०-६० ग्रॅमच तांदूळ असतो, म्हणजे दोनशेच्या आतबाहेर कॅलरी. एका वाढपात सव्वातीनशेची चूक! रिकामे पातेले, कच्चे तांदूळ आणि शिजल्यावर पातेल्यासकट भात, अशी तीन वजने घेतली की ती टळते. आजरा घनसाळ असो वा इंद्रायणी, ही वजने ज्याने त्याने आपल्याच घरी घ्यावीत, कारण तांदूळ आणि पाणी बदलले की प्रमाणही बदलते.

चोवीस तासांच्या आहाराची नोंद हे दुसरे कौशल्य. आधी उठल्यापासून झोपेपर्यंतचे सगळे न अडवता सांगू द्यायचे. मग विसरलेले विचारायचे: चहातली साखर, भाकरीवरचे लोणी, कांदा-लसूण चटणी, पापड, येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे. त्यानंतर वेळ आणि ठिकाण, मग त्याच घरातली वाटी-पळी पुढे ठेवून मापे, आणि शेवटी सगळे वाचून दाखवायचे. असे किमान तीन दिवस करावे. त्यांत रविवार हवाच. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा दिवस वगळला तर कोल्हापूरच्या आहाराचे चित्र खोटे येते. 'चटणी खाल्ली का' असे विचारले की 'नाही' येते, 'भाकरीबरोबर काय होते' असे विचारले की चटणी निघते. ही बारकाई पुस्तकातून येत नाही, चार घरी बसूनच येते.

मीठ आणि तेल मात्र असे विचारून कळत नाही. तिथे घराचा हिशेब मांडावा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅम मिठाच्या आत. चार मोठ्या माणसांच्या घरात मिठाचा एक किलोचा पुडा ५० दिवसांआधी संपला, तर मर्यादा घरातच ओलांडली. मिसळ, फरसाण, वडापाव यांतले मीठ वेगळेच. पाकिटांवर मीठ नव्हे, सोडियम छापतात, त्या आकड्याला अडीचने गुणावे. पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो. पाच जणांत ते महिनाभर गेले तर माणशी रोज ३० ग्रॅम होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात २००० किलोकॅलरीच्या ताटाला २७ ग्रॅम धरले आहे.

आपला जिल्हा गुळाचा, म्हणून हेही लिहायला हवे. रक्त कमी असलेल्या मुलीला गूळ-शेंगदाणे सांगून पाठवणारे आजही आहेत. दहा ग्रॅम गुळातून फार तर अर्धा मिलीग्रॅम लोह मिळते. बाईची रोजची शिफारस २९ मिलीग्रॅमची आहे. हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर तिला डॉक्टरांकडे पाठवणे हेच आहारतज्ज्ञाचे काम. लोहाची गोळी सुरू झाली की ती चहाबरोबर न घेणे आणि जेवणात लिंबू पिळणे, हे मात्र आहारतज्ज्ञानेच शिकवावे.

रोगप्रतिबंधाचा भाग शिकवताना संशोधन वाचायला शिकवणे अपरिहार्य आहे. चेन्नईत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांपैकी आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह २८.५ टक्क्यांनी घटला, असे सगळे सांगतात. तीन वर्षांत नुसत्या सल्ल्याच्या गटात तो ५५ टक्क्यांना झाला, आहार-व्यायामाच्या गटात ३९.३ टक्क्यांना. म्हणजे शंभरात सुमारे सोळा जण कमी; साधारण सहा-सात जणांनी पथ्य पाळले तर एकाचा मधुमेह टळतो. रुग्णाला समजते ती ही दुसरी भाषा. उलट उदाहरणही शिकवावे. भाज्या-फळे खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, म्हणून फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. १९९४ साली निकाल आला तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, जास्त आढळला. पावडरी आणि गोळ्या विकणाऱ्यांच्या गर्दीत शिरणाऱ्या विद्यार्थ्याला हे ठाऊक नसेल तर तो लोकांचे नुकसान करील.

आमची मागणी खर्चिक नाही. दोन विद्यार्थ्यांमागे एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, प्रत्येकाला पाच घरांच्या तीन-तीन दिवसांच्या नोंदी आणि प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण त्यांवर, एवढे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने येत्या वर्षापासून करावे.

एक विनंती आपल्यालाही. पुरवणीत छापल्या जाणाऱ्या पाककृतींत 'मीठ चवीनुसार' आणि 'तेल गरजेप्रमाणे' असे असते. त्याऐवजी ग्रॅम आणि चमचे द्यावेत, आणि पदार्थ किती जणांचा आहे तेही लिहावे.

आपले,
आहारशास्त्राचे काही अध्यापक, कोल्हापूर