लाइपझिगहून पत्र

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

काल शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मी येथील सेंट थॉमस चर्चमध्ये मुलांचे गाणे ऐकायला गेलो होतो. हा गायकवृंद 1212 साली सुरू झाला, म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली जाण्याच्याही 78 वर्षे आधी. थोर जर्मन संगीतकार बाख 1723 पासून 1750 मध्ये मरण पावेपर्यंत याच चर्चचे संगीतप्रमुख होते, आणि वेदीपुढच्या फरशीत त्यांची समाधी आहे.

गाणारी मुले मात्र समोर दिसत नाहीत. ती मागच्या सज्जात उभी असतात आणि आपण वेदीकडे तोंड करून बसतो, त्यामुळे स्वर पाठीमागून येऊन डोक्यावरच्या कमानींत भरून राहतात. काल बाखची आठ आवाजांची एक रचना होती. चार-चार आवाजांचे दोन गट एकमेकांना उत्तर देतात, तेव्हा मला दिंडीतल्या टाळकऱ्यांच्या समोरासमोरच्या रांगा आठवल्या. फरक एवढाच की आपण सगळे एकच चाल धरतो आणि इथे प्रत्येक आवाजाची वाट निराळी असते. बाबा, पहिली काही मिनिटे कोणाचा सूर धरावा हेच मला कळेना. 1789 मध्ये मोत्सार्ट या प्रसिद्ध संगीतकाराने हीच रचना इथे ऐकली. तिची सलग प्रत नव्हती, म्हणून प्रत्येक आवाजाचे सुटे कागद त्याने मांडीवर आणि आसपासच्या खुर्च्यांवर पसरून वाचले, असे सांगतात. कार्यक्रमात प्रार्थना आणि शास्त्रवाचनही असते, आणि शेवटी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आई, तू विचारशीलच, म्हणून सांगतो: मुले साधारण नऊ-दहा वर्षांची असताना येतात आणि वसतिगृहात राहतात. इतक्या लहान वयात घर सोडणे मला काही पटले नाही. पण लहान मुलांचे ते खलाशी पद्धतीचे गणवेश पाहून तुला हसू आले असते.

खरे तर हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितो आहे. त्या वृंदात मुलाचा आवाज फुटला की त्याला काही काळ गाण्यातून विश्रांती देतात आणि नवा आवाज स्थिरावल्यावर खालच्या स्वरांत पुन्हा उभे करतात. काल ऐकलेल्या रचनेतले सगळे मंद्र स्वर अशाच मोठ्या मुलांचे होते. बाबा, मी सातवीत असताना माझा आवाज चिरकू लागला, तेव्हा तुम्ही मला भजनात पुढून उठवून मागे टाळ घेऊन बसवलेत. मला ते काढून टाकणेच वाटले, आणि मी पुन्हा कधी पुढे आलो नाही. तुम्ही वाट पाहत होतात का, हे मी आजवर विचारले नाही.

पुढच्या आषाढीला मी महिनाभर घरी येणार आहे. लहानपणी मी पेटीच्या काळी चार पट्टीत गात असे. आता खालची काळी एक जमेल असे वाटते. पेटीच्या भात्यातून वारा सुटत होता, तेवढा दुरुस्त करून ठेवावा.

तुमचा,
धाकटा