बाबांच्या नव्या स्टान्सबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, जिन्याखालची गोल्फची बॅग जागेवर नाही म्हणून तुम्ही आईवर चिडला असाल, तर तो राग कृपा करून माझ्याकडे वळवावा. रविवारी तुम्ही अजिंक्यताऱ्यावर फिरायला गेला होता, तेव्हा ती मी गाडीच्या डिकीत ठेवून पुण्याला आणली. आईला मी अगदी निघताना सांगितले, त्यामुळे तिचा यात काही कट नाही. संच विकलेला नाही आणि विकणारही नाही. तामिळनाडूतल्या वेलिंग्टनपासूनची ती बॅग माझ्या कपाटात जुन्या चादरीत नीट गुंडाळून ठेवली आहे. पटर, म्हणजे चेंडू भोकाकडे ढकलायचा क्लब, मात्र देवघराशेजारच्या कोपऱ्यात तुमच्यासाठी ठेवला आहे, कारण त्याच्याशी माझे काही भांडण नाही.

तुमच्या कंबरेला जपण्यासाठी त्याऐवजी जो संच कुरिअरने येत आहे, तो हलक्या ग्रॅफाइट शाफ्टचा, म्हणजे दांड्याचा, आहे. तुमच्या आयर्नचा, म्हणजे धातूच्या पात्याच्या क्लबांचा, एकेक पोलादी शाफ्ट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतो, नवा त्याच्या जवळपास निम्मा आहे, आणि चेंडू लागताना मनगटाला बसणारा हादराही त्यात कमी जाणवतो. तीन आणि चार नंबरच्या आयर्नऐवजी हायब्रिड, म्हणजे रुंद डोक्याच्या आणि मारायला सोप्या, घेतल्या आहेत. बॅगेत चौदापेक्षा जास्त क्लब नियमाने चालत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवले होते; तुम्हाला दहा पुरतील. खर्चाचे विचारू नका. नाशिकच्या लग्नात तुम्ही जे केले, त्यापुढे हे काहीच नाही.

मणक्याच्या डॉक्टरांनी खेळ बंद करा असे म्हटलेले नाही, हे मी स्वतः समोर बसून ऐकले आहे. त्यांचा आक्षेप वाकण्याच्या पद्धतीवर आणि झटक्यावर होता. तुमचा आत्ताचा स्टान्स, म्हणजे चेंडूसमोर उभे राहण्याची ढब, मी फोनवर टिपला आहे. त्यात तुम्ही भात लावणाऱ्यासारखे कंबरेतून गोल वाकता, हनुवटी छातीला लागते आणि मग त्या वाकलेल्या पाठीलाच पिळा देता. कंबरेचे पाच मणके मुळात फारसे वळत नाहीत. वळण्याचे काम खुब्यांचे आणि छातीमागच्या मणक्यांचे आहे. खुबे अडले की तो भार खाली कंबरेवर येतो, आणि तुमचे दुखणे नेमके तिथेच आहे.

म्हणून रोज सकाळी आरशासमोर एवढे करावे. एक क्लब पाठीमागे उभा धरा, म्हणजे तो डोक्याला, खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला असा तीन ठिकाणी टेकेल. गुडघे किंचित सैल सोडून खुब्यातून पुढे झुका आणि तिन्हीपैकी एकही टेकू सुटू देऊ नका. सुटला, तर कंबर गोल झाली असे समजा. भार टाचेवर नको आणि चवड्यावरही नको, पावलाच्या मध्यावर हवा. मधल्या आयर्नसाठी टाचांमध्ये खांद्याएवढे अंतर ठेवा आणि चेंडू पावलांच्या मध्यावर; ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांबचा क्लब, घेतल्यावर तो डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत. दोन्ही पावले थोडी बाहेर वळवून उभे राहा, म्हणजे उजवा खुबा बॅकस्विंगला, म्हणजे क्लब मागे नेताना, आणि डावा फॉलो-थ्रूला, म्हणजे फटक्यानंतर, मोकळा फिरेल.

बॅकस्विंगला डावी टाच जमिनीवरून उचलली तरी चालेल. तुम्ही मला त्यावरून किती ओरडला होता ते आठवते, पण जॅक निकलस टाच उचलत असे आणि त्याने 18 मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकल्या. निकलसचे एक मात्र घेऊ नका. शेवटी कंबर पुढे आणि खांदे मागे झुकवून धनुष्यासारखे थांबण्याची त्याच्या काळातली जी ऐट तुम्हाला फार आवडते, ती कंबरेला घातक आहे. फटका संपताना छाती लक्ष्याकडे, सारा भार डाव्या पायावर आणि शरीर सरळ उभे असावे. टायगर वुड्ससारख्या पोलादी माणसाच्या पाठीवर 2014 पासून एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि 2017 मध्ये मणके जोडावे लागले. 2019 मध्ये तो पुन्हा मास्टर्स ही मेजर जिंकला हे खरे, परंतु त्याच्याएवढी हौस आपल्या घरात कोणी करू नये.

ग्रिपबद्दल लिहिताना हात थोडा अडखळतो. वेलिंग्टनला तुम्ही जुना क्लब कापून माझ्या उंचीचा केला होता, आणि मागे उभे राहून माझी करंगळी उचलून डाव्या हाताच्या दोन बोटांच्या खाचेत ठेवली होती. तुमच्या स्वेटरला तेव्हा निलगिरीचा वास येत असे. ती व्हार्डनची ग्रिप मी अजून तशीच धरते. तुमच्या बोटांची पेरे आता सुजतात, म्हणून नव्या क्लबांना जाड ग्रिप बसवून घेतल्या आहेत, आणि दहाही बोटे दांड्यावर ठेवायला तुम्ही सुरुवात करावी असे मला वाटते. यात कमीपणा काही नाही. दांडा तळव्यात नको, बोटांत. आणि इतका घट्ट धरू नका की मनगटच आखडेल.

अंतर कमी होईल, हे मान्य आहे. पण 72 पारच्या, म्हणजे 72 फटक्यांत पुरे व्हावे अशा, मैदानावर 36 फटके पटिंगचेच धरलेले असतात. आदिती अशोक लांब मारणाऱ्यांत कधीच नव्हती, तरी टोकियो ऑलिंपिकला ती चौथी आली. आणि वयाचे कारण तुम्ही देऊच नका, कारण टॉम वॉटसन खुबा बदलून वर्ष व्हायच्या आत, एकोणसाठाव्या वर्षी, 2009 ची ब्रिटिश ओपन प्लेऑफपर्यंत घेऊन गेला होता.

आई, आता तुला. कोरेगावच्या रानात ऊस तुटल्यावर ते सऱ्यांमध्ये चेंडू मारायला जातात, ते बंद कर. ढेकळावर क्लब आपटला की सारा हादरा मनगटातून खांद्यात जातो. गच्चीवर जाळी आणि चटई लावायला माणूस येईल, त्याला चहा दे आणि चटईखाली जाड रबर टाकायला सांग. पहिले दहा मिनिटे नुसते खांदे आणि खुबे मोकळे करायचे, मग पटर, मग छोटे फटके, आणि ड्रायव्हर पुढच्या महिन्यापर्यंत बॅगेतच. चेंडू वाकून उचलायचा नाही. पटरच्या टोकाला लावायची रबरी वाटी पाठवली आहे, तिने उचलला जातो. पोहायला, फिरायला, किल्ल्यावर जायला कसलीही आडकाठी नाही. गरम पाण्याची पिशवी त्यांच्या बाजूच्या टेबलाच्या खणात आहे. मागितली नाही तरी दे, ते मागणार नाहीत.

बाबा, आईकडून एकदा समोरून आणि एकदा पाठीमागून चित्रफीत काढून घ्यावी. पाठीमागून काढताना फोन तुमच्या हातांच्या उंचीवर असावा, नाहीतर पाठीचा कोन दिसत नाही. शर्ट खोचलेला ठेवा. जोरात मारून दाखवू नका, सातच्या आयर्नने अर्धा स्विंगच पुरे.

तुमची,
धाकटी