ताई, तुम्ही आधी मीटर रूम दाखवलीत

प्रिय ताई,

इलेक्ट्रिक गाडी आली, हिरवी नंबर प्लेट लागली, आईंना घेऊन उपवनला चक्कर पण झाली, आणि तुम्हाला नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदललात. म्हणून आता लिहूनच काढते, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण इथे ठाण्यात घोडबंदर रोडला आपल्यासारख्या कॉम्प्लेक्समध्ये किती घरं हाच प्रश्न घेऊन बसली असतील, दुसरी गाडी तर घ्यायची आहे पण इलेक्ट्रिक घ्यायची की गॅसवरची.

आमच्याकडे त्या वेळी काय चाललं होतं ते तुम्हाला माहितीच आहे. दीर म्हणत होते सीएनजी घ्या, डोकं लावू नका. ह्यांच्या ऑफिसमधले म्हणत होते आता पेट्रोल काय आणि सीएनजी काय, पुढची दहा वर्षं इलेक्ट्रिकचीच. शोरूममधला मुलगा रेंज, स्क्रीन, सनरूफ. मी रोज रात्री मोबाईलवर दोन गाड्या शेजारी शेजारी ठेवून बघायचे आणि सकाळी परत तिथेच. तुम्ही घरी आलात आणि मॉडेलचं नाव पण विचारलं नाहीत, पहिला प्रश्न काय विचारलात, तर "ही दुसरी गाडी मंगळवारी काय करणार?"

ताई, हा प्रश्न आम्हाला कोणीच विचारला नव्हता. मंगळवारी म्हणजे साधा कामाचा दिवस. पहिली गाडी हे घेऊन महापेला जातात ती रात्रीच परत येते. मग दुसरीचं काम काय, तर कोलशेतहून माझी वर्तकनगरची शाळा, दुपारी आईंना घेऊन मानपाड्याला फिजिओथेरपी, कधी माझ्या माहेरी कळव्याला, संध्याकाळी भाजी, क्लास. सगळं मिळून पस्तीस-चाळीस किलोमीटर आणि त्यातलं बरंचसं माजिवडा आणि कापूरबावडीला फर्स्ट-सेकंड गियरमध्ये. गणपतीला कोकणात जायचं, पुण्याला लग्नाला जायचं, ते काम पहिल्या गाडीचं, ती आहेच. तुम्ही म्हणालात मग रेंजची चिंता तुम्ही कोणासाठी करताय, चाळीस किलोमीटरच्या गाडीला चारशेची बॅटरी कशाला हवी, त्या मोठ्या बॅटरीचेच तर पैसे असतात. त्या एका वाक्याने आमच्या लिस्टमधल्या दोन महागड्या गाड्या बाहेर पडल्या.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते त्याच्या पुढच्या गोष्टीसाठी. तुमची स्वतःची इलेक्ट्रिक आहे, तीन पावसाळे काढलेत तुम्ही तिच्यावर, तुम्ही सहज म्हणू शकला असता की घेऊन टाका, मस्त आहे. त्याऐवजी तुम्ही म्हणालात, "आपल्या पार्किंगला आपली वायर येणार नसेल तर इलेक्ट्रिक घेऊच नका, सरळ सीएनजी घ्या", आणि आम्हाला चपला घालायला लावून खाली मीटर रूममध्ये घेऊन गेलात. शोरूमच्या आधी मीटर रूम! टेपने मोजलंत तुम्ही, मीटरपासून आमच्या पार्किंगच्या खांबापर्यंत, वळणं धरून, आणि रविवारची दुपार होती, घरी तुमचे पाहुणे होते हे मला नंतर कळलं.

तिथे उभं राहून तुम्ही जे समजावलंत ते मी जसं लक्षात आहे तसं लिहिते, लोकांच्या उपयोगी पडेल. गाडीबरोबर जो साधा चार्जर येतो तो १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो, तासाला तीन युनिटच्या आसपास भरतो, आमच्या चाळीस किलोमीटरला रात्रीचे दोन-अडीच तास पुरतात, त्यामुळे भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा मोठा चार्जर आम्हाला लागतच नाही. पण वायर मात्र आत्ताच जाड टाकून घ्या, ६ स्क्वेअर एमएमची कॉपर, आर्मर्ड (वरून धातूचं कवच असलेली), म्हणजे पुढे मोठा चार्जर लावावासा वाटला तर परत खोदाखोदी नको. वेगळं अर्थिंग, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच), आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा), ह्यात एक रुपया वाचवायचा नाही. आणि एक्स्टेन्शन बोर्ड लावून खिडकीतून वायर सोडायची नाही म्हणजे नाही, एक दिवस सुद्धा नाही, कारण घरगुती बोर्ड तासन् तास तेवढा करंट ओढायला बनवलेलेच नसतात, तिथेच गरम होतं आणि तिथेच आग लागते.

मग पैशाचा हिशेब. हा मला वाटतं प्रत्येकाने आपापल्या घरी करावा, आमचा आकडा तुमचा असेलच असं नाही. पेट्रोल लिटरला १०३ च्या वर होतं, आमच्या ह्या ट्रॅफिकमध्ये गाडी बारा-तेराचं ॲव्हरेज देणार, म्हणजे किलोमीटरला आठ रुपये, ते तिथेच बाद झालं. सीएनजी किलोला ८० च्या आसपास होता, किलोला बावीस-तेवीस किलोमीटर, म्हणजे साडेतीन रुपये. आता इलेक्ट्रिक. कंपनी काहीही सांगो, एसी आणि ट्रॅफिक धरून युनिटला सात किलोमीटर धरा असं तुम्ही म्हणालात. आणि इथे ती मेख जी आम्हाला कोणत्याच व्हिडिओत दिसली नव्हती, की घरच्या मीटरवर गाडी लावली तर महावितरणचे घरगुती स्लॅब १००, ३००, ५०० असे चढत जातात आणि गाडीचे महिन्याचे दीडशे युनिट आधीच्या बिलाच्या वर बसतात, म्हणजे सगळ्यात महाग स्लॅबमध्ये, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) आणि १६ टक्के वीज शुल्क धरलं तर तेव्हाच्या दराने युनिट पंधरा रुपयांच्या पुढे जात होतं. म्हणजे किलोमीटरला दोन रुपयांच्या वर. स्वस्तच, पण लोक सांगतात तितकं नाही. ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन घेतलं तर त्या कॅटेगरीला हे चढते स्लॅब नाहीत, मग दीडच्या आसपास येतं. आणि घरी चार्जिंग नसेल, बाहेरच्या फास्ट चार्जरवरच जगायचं असेल तर वीसच्या पुढे युनिट, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे झाले साडेतीन रुपये, सीएनजी इतकेच. आधी मीटर रूम का, ते मला तेव्हा कळलं.

तुम्ही हेही सांगितलंत की महिन्याला हजार किलोमीटरवर फार तर दोन हजार वाचतील आणि ऑन रोड किमतीत पावणेदोन लाखांचा फरक आहे, तो भरून यायला सात वर्षं जातील. बॅटरीची वॉरंटी आमच्या गाडीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. तुमचे शब्द होते, "फक्त पैशासाठी घेत असाल तर नका घेऊ." २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांचा जीएसटी २८ आणि सेसवरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकचा आधीपासून ५ होता तो ५ च राहिला, त्यामुळे फरक उलट वाढला होता. शोरूमवाल्याने लोनच्या व्याजावर इन्कम टॅक्सची सूट पण सांगितली होती, दीड लाखाची, इन्कम टॅक्सच्या ८० ईईबी कलमाची. तुम्ही लगेच म्हणालात की ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या लोनलाच होती. टोलचंही तसंच. अटल सेतूला २२ ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ आहे हे खरं, पण आमची ही गाडी तिकडे जाणार किती, आणि मुलुंड-ऐरोलीचे टोल तर ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच छोट्या गाड्यांना बंद झालेत. महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला मोटार वाहन कर माफ आहे तेवढा मात्र खरा फायदा, पेट्रोल गाडीला तो किमतीच्या ११ टक्क्यांपासून सुरू होतो.

मग आम्ही इलेक्ट्रिकवर का आलो? आईंमुळे. आणि ते पण तुमच्याच लक्षात आलं, आम्ही रोज त्यांच्याबरोबर राहून आमच्या डोक्यात नव्हतं. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, घडीची व्हीलचेअर बरोबर लागते. सीएनजीची टाकी डिकीत, मग चेअर कुठे ठेवणार. आता दोन छोट्या टाक्या खाली बसवलेल्या गाड्या निघाल्यात, ती पण बघितली आम्ही, पण डिकीचा तळ वर येतो आणि चेअर उभी राहत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट, गॅस भरताना गाडीतून सगळ्यांना खाली उतरावं लागतं. नियम योग्यच आहे, २०० बारचं प्रेशर असतं त्यात. पण तुम्ही म्हणालात, "आईंना तुम्ही दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पंपावर उतरवणार आणि परत चढवणार का, उन्हात, पावसात?" हे आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि खरं सांगते तिथेच ठरलं. त्यानंतर हिशेबाची वही मी उघडलीच नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेच्या बाजूला मुख्य गॅसलाइनला धक्का लागला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईत सीएनजीची बोंब झाली, रिक्षांच्या त्या रांगा आठवतात ना. आम्ही म्हटलं, बघा, बरं झालं. तर तुम्ही तिथे पण म्हणालात की एका घटनेवरून गॅसला नावं ठेवू नका, वीज पण जाते, ज्यांना पार्किंगला वायर मिळत नाही, ज्यांचं रोजचं फिरणं शंभर-दीडशे किलोमीटरचं आहे त्यांच्यासाठी आज पण सीएनजीच बरी. माझ्या धाकट्या जावेला मी हेच सांगितलं. त्यांची ऐरोलीची बिल्डिंग जुनी, पार्किंग रस्त्यावर, तिथे चार्जर कुठे लावणार. त्यांनी सीएनजी घेतली आणि ती त्यांच्यासाठी बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं.

पार्किंगला वायर टाकायला सोसायटीच्या कमिटीची परवानगी, त्याचं तर विचारूच नका. सेक्रेटरी काकांना आगीची भीती होती आणि ती मनापासून होती, पार्किंगच्या वर चौदा मजले लोक राहतात, त्यांनी विचारायलाच हवं. तुम्ही त्यांना एकदाही उडवून लावलं नाहीत. लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरचं टेस्ट सर्टिफिकेट देऊ, आरसीसीबी त्यांच्यासमोर ट्रिप करून दाखवू, वायर कॉमन एरियातून कुठून जाईल त्याचं हाताने काढलेलं ड्रॉइंग देऊ, असं एक एक करत गेलात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले, ईव्ही चार्जिंगला वेगळं कनेक्शन मागता येतं, ते पान तुम्ही प्रिंट काढून आणलं होतंत पण टेबलावर आपटलं नाहीत, शेवटी दिलंत, काकांना वाचायला वेळ दिलात. मी शाळेत शिकवते ताई, समजावून सांगणं आणि गप्प करणं ह्यातला फरक मला कळतो.

पावसाचं पण सांगते, कारण नौपाड्यात वंदना सिनेमापाशी पाणी भरलं की प्रत्येक जण मला विचारतो आता काय करणार. बॅटरीला आयपी ६७ असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी टेस्ट झालेली असते. पण तुमचं म्हणणं, ती बॅटरीची टेस्ट आहे, तुम्हाला पाण्यात गाडी घालायचं लायसन्स नाही, पाणी दाराच्या पट्टीपर्यंत दिसलं की कोणतीही गाडी असो, मागे फिरा. मी तेच करते. इन्शुरन्समध्ये बॅटरीचं कव्हर वेगळं वाचून घ्या म्हणालात, ते पण घेतलं.

आई आता स्वतःहून म्हणतात चल जरा तलावपाळीला जाऊ. पूर्वी नको नको म्हणायच्या, आपल्यामुळे सगळ्यांना त्रास म्हणून. गाडी आवाज करत नाही, ट्रॅफिकमध्ये धक्के देत नाही, सिग्नलला थांबल्यावर त्यांचा गुडघा थरथरत नाही, हे त्यांनी मला सांगितलं, मला सुचलं नसतं. हे सगळं गाडीने केलं असं लोक म्हणतील. मला माहितीय की त्या दुपारी तुम्ही आम्हाला खाली नेलं नसतंत तर आमच्याकडे एकतर मोठ्या बॅटरीचं मोठं कर्ज असतं, नाहीतर डिकीत टाकी आणि चेअर घरी.

आता एक काम आहे. बी विंगमधून दोघांनी आणि तुमच्या विंगमधून एकाने माझ्याकडे कमिटीच्या अर्जाचा नमुना मागितलाय. तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात की चार-पाच गाड्या झाल्या की सुट्या सुट्या वायरी ओढत बसण्यापेक्षा सोसायटीने एकदाच लोड वाढवून सगळ्या पार्किंगला पुरेल अशी लाइन टाकावी. ह्यावेळी टाइपिंग, झेरॉक्स, सगळ्यांच्या सह्या, महावितरणच्या ऑफिसच्या फेऱ्या माझ्याकडे, तुम्ही फक्त ड्रॉइंग बघून द्या. येत्या रविवारी पाहुणे नसतील तर संध्याकाळी येऊ का? आईंनी तुमच्यासाठी नारळाच्या वड्या करून ठेवल्यात.

तुमची,
सी विंग, पाचवा मजला