त्या रात्रीच्या सिस्टरना

आषाढातली रात्र होती. बायकोला २९वा आठवडा, आणि अचानक कळा सुरू झाल्या. जांबोटीकडच्या आमच्या गावातून १०८ने बेळगावला पोचेपर्यंत पहाट झाली. रस्त्यात पडलेलं झाड ज्या पोरांनी भर पावसात बाजूला ओढलं, त्यांचेही आभार.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बाळंतपण आता थांबणार नाही. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि मॅग्नेशियम सल्फेट सुरू करायला सांगितलं. मी घाबरलो. सिस्टरनी मला बाजूला घेतलं. मूळच्या कन्नड, पण आमच्याशी मराठीतच बोलल्या: "दादा, हे बाळाच्या मेंदूसाठी आहे. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना पुढं सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूला इजा होऊन हातापायांची हालचाल नीट न होण्याचा धोका असतोय, तो यानं कमी होतोय. पण औषध जन्माआधीच आईतून जायला पाहिजे."

पहिला डोस २० मिनिटं शिरेतून हळूहळू गेला. बायकोच्या अंगाची लाही झाली. ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसत सिस्टर पूर्ण वेळ शेजारी उभ्या राहिल्या. नंतरही दर थोड्या वेळानं येऊन गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायच्या, श्वास मोजायच्या, लघवी किती झाली ते लिहायच्या. औषध जास्त झालं तर ते आधी तिथंच कळतं म्हणे. ड्युटी संपली तरी गेल्या नाहीत.

दुपारी मुलगी झाली, १ किलो २०० ग्रॅमची. पुढचे दिवस काचेच्या पेटीत गेले. आज ती आधाराशिवाय बसते, ताटली वाजवते.

सिस्टर, गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं. मनापासून आभार. तिला घेऊन एकदा तुम्हाला भेटायचं आहे.