उशीखालची टेप

प्रिय सोहम,

शिवणाच्या डब्यातली टेप दोन दिवस शोधत होते. काल चादर बदलताना तुझ्या उशीखाली मिळाली, अकरा इंचांवर पेनाची बारीक रेघ ओढलेली. दंड मोजतोस ना? रागावले नाही रे. समोर बोलले तर "आई, प्लीज" म्हणून दार लावून घेशील, म्हणून लिहितेय.

दंड भरले, आवाज घोगरा झाला, दाढी आली की मुली बघतील, असा तुझा हिशोब. पण तुझ्या दंडाबद्दल आजवर बोललं कोण? मित्रच ना?

डार्विनने 1871 साली लैंगिक निवडीच्या, म्हणजे जोडीदार मिळवायला उपयोगी पडणारी लक्षणं पिढ्यान्‌पिढ्या टिकतात या कल्पनेच्या, दोन वाटा मांडल्या. मोराचा पिसारा लांडोरीला दाखवायला, काळविटाची शिंगं दुसऱ्या काळविटाशी भिडायला. पुरुषाचा खर्जातला आवाज आणि दाढी ही बरीचशी शिंगांच्या जातीची असावीत, असं आता पुष्कळ संशोधकांना वाटतं. प्रयोगांमध्ये खालच्या पट्टीतल्या आवाजाने माणूस देखणा वाटण्यापेक्षा दरारा जास्त वाढतो. दाढीने चेहरा वयस्क आणि रागीट दिसतो. ती मुलींना आवडते की नाही, यावर मात्र निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. (रोज रेझर फिरवून ती दाट होत नाही, हेही जाता जाता सांगते. ब्लेडं संपतायत.)

मला सगळ्यात मजा वाटली ती 2000 सालच्या एका अभ्यासाची. ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना विचारलं, मुलींना कसं शरीर आवडत असेल? त्यांनी स्वतःपेक्षा 13-14 किलो जास्त स्नायूंचं चित्र निवडलं. मुलींनी निवडलं ते साधंसुधं, चारचौघांसारखं शरीर.

ताकदीला काही किंमतच नाही, असं खोटं मी सांगणार नाही. पुरुषांच्या खांद्या-दंडांत सरासरी बरंच जास्त बळ असतं, आणि ते उगाच आलेलं नाही. पण ताईला शेजारी उभी करून आरशात दोघांचे सुळे बघ. फारसा फरक दिसणार नाही. दुसऱ्या नरांशी झुंजणाऱ्या गोरिलाच्या नराचे सुळे कट्यारीसारखे, वजन मादीच्या जवळपास दुप्पट. आपल्यात पुरुष सरासरी 15-20 टक्केच जड. आपल्या पूर्वजांचे सुळे तर लाखो वर्षांपूर्वीच लहान झाले. माणसांत मान मिळवायची आणखी एक वाट आहे: ज्याला काही येतं, त्याच्याभोवती लोक आपणहून जमतात. सायकलची चेन उतरली की अख्खी गल्ली तुला हाक मारते, तेव्हा तुझा दंड कोणी मोजत नाही.

हे सगळं सरासरीचं बोलणं, आणि त्यातलं "असं का झालं" हे पुष्कळसं तर्काने बांधलेलं. तुझ्यावर एकट्यावर त्यातलं काही शिक्क्यासारखं मारू नकोस.

व्यायाम कर, भरपूर जेव. टेप मात्र डब्यात ठेव, तुझ्याच उशीचा अभ्रा अर्धा शिवून पडलाय. आणि माप कोपर वाकवून घ्यायचं की सरळ ठेवून, ते बाबांना विचार. त्यांना बरोबर माहीत असणार.

तुझी,
आई