खर्ज परत मिळवून देणाऱ्या काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

माझ्याकडील ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या नाणे टाकून खेळण्याच्या व्हिडिओ गेमच्या जुन्या उभ्या कॅबिनेटचा आवाज आता हवा तसा झाला आहे आणि त्याचे श्रेय जवळजवळ संपूर्णपणे आपले असल्यामुळे हे आभार मी चारचौघांत मानत आहे. अशी यंत्रे जपणाऱ्या इतरांनाही आपण मला काय सांगितलेत ते कळावे, हाही त्यामागचा हेतू आहे.

माझी मूळ विचारणा साधी होती: आवाज मोठा करायचा आहे, तर कोणता ॲम्प्लिफायर बसवावा? त्याचे उत्तर देण्याऐवजी आपण उलट मलाच विचारलेत, की नेमके काय ऐकू येत नाही? गोळी सुटल्याचा आवाज येत होता, शत्रू फुटल्याचा येत होता, पडद्यावर वरून सरकत जाणाऱ्या उडत्या तबकडीची शीळ तर कानाला टोचत होती. परंतु शत्रूंच्या चालीबरोबर वाजणारे, आणि शत्रू कमी होत जातील तशी ज्यांची लय वाढत जाते ते चार खर्जातले ठोके, पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारावी तसे पोकळ येत होते. ते फोनवरून ऐकवू का, असे मी म्हटले तेव्हा आपण नको म्हणालात, कारण ज्या खर्जाची तक्रार आहे तोच नेमका फोनमधून पोहोचत नाही. त्या एका वाक्यानेच मला पटले की माझे काम योग्य माणसाच्या हाती आहे.

त्यानंतर आपण आवाजाचा उगम समजावून दिलात. टायटो या जपानी कंपनीने १९७८ साली आणलेल्या आणि तोमोहिरो निशिकादो यांनी घडवलेल्या या खेळात इंटेल ८०८० हा प्रोसेसर स्वतः आवाज तयार करीत नाही. कोणता आवाज सुरू करायचा आणि कोणता थांबवायचा, एवढेच इशारे तो दोन पोर्टांवर (बाहेर संकेत पाठवण्याच्या वाटांवर) देतो. प्रत्यक्ष आवाज पलीकडच्या रेझिस्टर, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टरांच्या सर्किटमध्ये घडतो, आणि तबकडीसाठी तेवढी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एसएन७६४७७ ही चिप वापरलेली आहे. चालीच्या चार ठोक्यांना चार वेगळे बिट (चालू-बंदचे संकेत) दिलेले आहेत. त्यामुळे एखादा ठोका मुळीच वाजत नसता, तर दोष त्याच्या वाटेवर शोधावा लागला असता; येथे चारही ठोके हजर होते आणि चौघांचाही केवळ खर्ज गेला होता, म्हणजे सगळे आवाज एकत्र मिसळल्यानंतरच्या भागात काहीतरी बिघडले होते. बोर्डावरील एकाही भागाला हात लावण्याआधी केवळ तर्काने अर्धे यंत्र संशयातून वगळण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

दोष निघाला तो पूर्वी कोणीतरी बदलून बसवलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये. त्याच्या आणि स्पीकरच्या मध्ये २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. आपण पाठवलेल्या कागदावर हाताने मांडलेले गणित अजून माझ्या टेबलावर आहे: एक भागिले (दोन गुणिले π गुणिले स्पीकरचा ८ ओहम रोध गुणिले २२० मायक्रोफॅरड), म्हणजे सुमारे ९० हर्ट्झ. त्याच्या खालचे सारे हा कपॅसिटर क्रमाक्रमाने अडवतो, आणि वयोमानाने त्याची क्षमता घटली की ही सीमा आणखी वर सरकते. त्या जागी १००० मायक्रोफॅरडचा नवा कपॅसिटर बसवताच ती सीमा सुमारे २० हर्ट्झवर आली. त्याच वेळी वीजपुरवठ्यातील वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलल्यामुळे सतत येणारी घरघरही थांबली. ही घरघर मेन्सच्या, म्हणजे घरात येणाऱ्या विजेच्या, दुप्पट वारंवारतेची असेल तर आधी वीजपुरवठ्यातील याच फिल्टरच्या कपॅसिटरवर संशय घ्यावा आणि मेन्सच्याच वारंवारतेची असेल तर अर्थिंगची जोडणी तपासावी, हा आपला आडाखा मी इतरांनाही सांगत असतो.

खरी सुधारणा मात्र स्पीकरची झाली. जुन्या स्पीकरचा कागदी शंकू कडेला फाटलेला होता, आणि बोटांनी हलकेच दाबला की कॉइल घासल्याची खरखर हाताला जाणवत होती. ‘मोठा ॲम्प्लिफायर’ या माझ्या हट्टाला आपण येथे आकड्यांनी उत्तर दिलेत. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दसपट शक्ती लागते. उलट ३ डेसिबल अधिक संवेदनशील स्पीकर निवडला, तर तीच पातळी निम्म्या शक्तीत मिळते. म्हणून पैसे वॉटवर न घालता त्याच मापाच्या, ८ ओहमच्या, परंतु अधिक संवेदनशील आणि चुंबकाला आवरण असलेल्या स्पीकरवर घालावेत, असे आपण सुचवलेत. आवरण नसते तर शेजारच्या पिक्चर ट्यूबवरील चित्र ओढले गेले असते. स्पीकर आणि लाकूड यांच्यामधली फट फोमच्या पट्टीने बंद करण्याची सूचना मला आधी किरकोळ वाटली होती. पण शंकूच्या मागची हवा त्या फटीतून पुढे येऊन खर्ज खाऊन टाकते, हे पट्टी लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर ऐकले की कोणालाही कळेल.

ॲनालॉग सर्किट काढून टाकून ध्वनिमुद्रित आवाज वाजवणारा तयार बोर्ड बसवण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला होता. तो मार्ग सोपा आहे, हे मान्य. तरीही त्यात प्रत्येक स्फोट अगदी आधीच्यासारखाच वाजतो, आणि मूळ सर्किटमधल्या नॉइजमुळे (अनियमित खरखरीमुळे) येणारा बारीकसा फरक उरत नाही. याबाबत आपले आणि माझे मत जुळले, याचा मला विशेष आनंद आहे. नवी प्रत्येक जोडणी कनेक्टरने करावी, मूळ वायर कापू नये, आणि काढलेले भाग चिठ्ठी लावून कॅबिनेटच्या आतच ठेवावेत, ही आपली अट मी तंतोतंत पाळली आहे. मशीन बंद केल्यानंतरही पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर, म्हणजे तिच्या उच्च दाबाच्या टोकावर, हजारो व्होल्ट साठून राहू शकतात, त्यामुळे तिच्याजवळ हात नेण्यापूर्वी तो भार ट्यूबच्या अर्थ केलेल्या धातूच्या चौकटीत उतरवावा, हा इशारा आपण प्रत्येक पत्राच्या आरंभी लिहीत होतात. त्याबद्दल माझ्या घरचेही आपले ऋणी आहेत.

आपल्या वेळेचा आणि ज्ञानाचा मोबदला आपण घेतला नाहीत, म्हणून एक विनंती करतो. आपण काढून दिलेली जोडणीची आकृती आणि कपॅसिटरचे ते गणित, दोन्ही स्वच्छ लिहून, अशीच यंत्रे दुरुस्त करणाऱ्या इतरांना द्यावीत अशी माझी इच्छा आहे. आपले नाव त्यावर घालायचे की नाही, हे आपणच सांगावे. आवाज कमी-जास्त करण्याचे बटण अजून पहिल्या पाव फेरीतच सगळे काम उरकते. ते लॉग प्रकारचे (कानाला आवाज सारखा वाढत गेल्यासारखा वाटेल असे) हवे की जुनेच साफ करून चालेल, एवढे पुढच्या पत्रात कळवाल का?

कळावे. लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा, ही विनंती.

आपला ऋणी,
एक कॅबिनेटधारक