कुल बदलले, मोजणीही बदला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कार्बापेनेम औषधांना (गंभीर संसर्गांत वापरायच्या राखीव प्रतिजैविकांना) दाद न देणाऱ्या जीवाणूंची आकडेवारी बरीच रुग्णालये अजूनही ‘एंटेरोबॅक्टेरिएसी’ या कुलनामाखाली देतात. या कुलाची २०१६ मध्येच फेरमांडणी झाली आहे आणि जुन्या शीर्षकामुळे आकडे चुकतात.

ग्लुकोज आंबवणारे, नायट्रेटचे नायट्राइट करणारे, ऑक्सिडेज चाचणी ऋण येणारे दंडाकार जीवाणू, एवढ्यावर पूर्वी हे कुल ठरे. पुढे १६एस आरआरएनए या, सर्व जीवाणूंत असणाऱ्या जनुकाचा आधार मिळाला. पण सुमारे १,५०० डीएनए-अक्षरांचे हे जनुक या गटात इतके सारखे आहे की शाखा ठामपणे वेगळ्या होत नाहीत. म्हणून कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी जीनोममधून (जीवाणूंच्या संपूर्ण डीएनएमधून) १,५४८ सामाईक प्रथिने घेऊन ती ताडून पाहिली. शिवाय प्रथिनात ठरावीक जागी अमिनो आम्ल वाढले वा गळले आहे का, हेही तपासले. अशी खूण एका शाखेत सर्वत्र असेल आणि बाहेर कुठेच नसेल, तर ती समान पूर्वजाकडून आली असे धरता येते. यातून सात कुले झाली. ई. कोलाय, क्लेबसिएला, साल्मोनेला जुन्याच कुलात राहिले. सेराशिया आणि प्लेगचा येर्सिनिया गेले येर्सिनिएसीत. प्रोटियस, मॉर्गनेला, प्रॉव्हिडेन्सिया मॉर्गनेलेसीत. सगळ्यांचा गण (कुलाच्या वरची पायरी) एकच, एंटेरोबॅक्टेरेल्स.

अशा तुलनेत प्लाझ्मिडवरची (एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्यावरची) जनुके बाजूलाच ठेवावी लागतात. कार्बापेनेम निकामी करणारे एनडीएम जनुक एका वॉर्डातल्या दोन दूरच्या जीवाणूंतही सापडते. ते धरले तर शेजारी भाऊबंद ठरतील. तपासणीसाठी वाढवलेली वसाहत शुद्ध नसेल, तिच्यात दुसरा जीवाणू मिसळला असेल, तर दोघांचे डीएनए मिसळून शाखाच भलतीकडे जाते.

आता अहवालांविषयी. संगणकातली यादी नवी आणि गाळणी मात्र जुन्या कुलनामाची असेल, तर प्रोटियस, सेराशिया मोजणीतून निसटतात आणि प्रतिरोध कमी झाल्याचा भास होतो. शीर्षक ‘एंटेरोबॅक्टेरेल्स’ करावे (प्रतिजैविक-चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय आणि युकास्ट या संस्थांच्या तक्त्यांत तेच असते) आणि जुन्या नोंदी जीवाणूच्या पूर्ण नावावरून पुन्हा मोजाव्यात. प्रोटियस, मॉर्गनेला, प्रॉव्हिडेन्सिया यांची इमिपेनेम या कार्बापेनेमची एमआयसी (वाढ रोखायला लागणारी किमान मात्रा) कार्बापेनेमेज, म्हणजे ही औषधे मोडणारे विकर, नसतानाही चढी असते. त्यांना केवळ इमिपेनेमवरून प्रतिरोधी धरू नये, मेरोपेनेम किंवा एर्टापेनेम या दुसऱ्या कार्बापेनेमचा निकाल पाहावा. नाहीतर आकडा उलट फुगतो.

रुग्णाच्या अहवालावर गणाचे नाव पुरत नाही. प्रोटियस, मॉर्गनेला, सेराशिया यांच्यावर कोलिस्टिन हे शेवटचा पर्याय म्हणून वापरायचे प्रतिजैविक मुळातच चालत नाही. तिथे जीवाणूचे पूर्ण नावच छापले पाहिजे.

– एक वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, पुणे